काळा पडदा : एक कथा शिकवितांना

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत शाळेच्या सभागृहांत शिक्षक, पालक व वरच्या वर्गांतील विद्यार्थी यांजपुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल सप्ताहांत प्रत्येकानें आपल्या शक्तीप्रमाणें कांहीं सेवा करावी असें स्वागत-मंडळानें ठरविलें, आणि आमच्या वांट्यास वाङ्मयाचा विषय आला. देवळाची पहिली कौलें कोणीं वाहून आणलीं, घंटा केव्हां टांगली गेली, शाळेचा पहिला वर्ग कोणाच्या ओटीवर भरला, हा वृत्तांत सांगणारीं अधिकारी माणसें आपणांत पुष्कळ आहेत. तो प्रांत आम्ही त्यांजकडेच सोंपवितों. आम्ही पडलों धर्मगुरु. तथापि शाळेंत आठवड्यांतून दोन तास इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचें काम गेलीं कित्येक वर्षें आम्हांकडे आहे. त्या तासांत शिकविलेल्या एका लघुकथेविषयीं आज बोलावें असें योजिलें आहे. गुप्त अपराध आणि त्याचें बाह्य चिन्ह हा त्या कथेचा विषय. ती शिकवितां शिकवितां आम्हांसच एक धडा मिळाला, आणि तो सोपा नव्हता. तो कोणता, हें शेवटीं निवेदन करूं. प्रथम कथा.

नथॅनिएल हॉथॉर्न हा अमेरिकन ग्रंथकार १८०४ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील सेलम या बंदराच्या गांवीं जन्मला आणि १८६४ सालीं वारला. ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल’, म्हणजे ‘पाळकाचा काळा पडदा’, ही त्याची कथा ‘द टोकन’ नांवाच्या वार्षिकाच्या १८३६ सालच्या अंकांत छापली गेली, आणि १८३७ सालीं ‘ट्वाइस-टोल्ड टेल्स’ या संग्रहांत तिचा समावेश झाला. कथेच्या नांवाखालीं ग्रंथकारानें स्वतःच ‘दृष्टांत’ असा शब्द जोडला आहे. दृष्टांत म्हणजे काय हें आपणांस सांगणें नलगे. पेरणारा, हरवलेलें मेंढरूं, उधळा पुत्र यांच्या सहवासांतच आपण लहानाचे मोठे झालों. भेद एवढाच, कीं पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा उलगडा प्रभूनें आपल्या शिष्यांस करून दिला. हॉथॉर्ननें मात्र आपल्या वाचकांस तो करून दिलेला नाहीं. म्हणूनच ही कथा शिकविण्यास कठीण, आणि म्हणूनच शिकविण्यास योग्य.

कथा थोडक्यांत अशी. मिलफर्ड नांवाच्या गांवीं प्यूरिटन पंथाचें प्रार्थनामंदिर आहे. रविवारची सकाळ आहे. घंटा वाजत आहे. पोरेंबाळें नटूनथटून आलीं आहेत. इतक्यांत पाळक रेव्हरंड हूपर घरांतून बाहेर पडतात. वय सुमारें तीस, अविवाहित, स्वभावानें सौम्य, पोशाखानें नीटनेटके. परंतु आज त्यांच्या कपाळापासून एक काळा पडदा खालीं सोडलेला आहे. सुतकाच्या वेळीं वापरतात त्या क्रेप नांवाच्या कापडाच्या दोन घड्या. त्यांतून केवळ तोंड आणि हनुवटी दिसते, बाकीचा चेहरा झांकलेला. पडद्यांतून त्यांस दिसतें खरें, पण जें दिसतें तें सर्व काळवंडलेलें. त्या दिवशींच्या उपदेशाचा विषय गुप्त पाप हा असतो. माणसें जें आपल्या जिवलगांपासून, आणि होतां होईल तों स्वतःपासूनही, लपवूं पाहतात तें पाप. एरवीं हूपर हे कांहीं मोठे वक्ते नव्हेत. परंतु त्या दिवशीं श्रोत्यांपैकीं प्रत्येकास वाटतें, कीं पाळक पडद्याआडून आपल्याच अंतःकरणांत डोकावले.

त्याच दिवशीं दुपारीं एका तरुण मुलीची अंत्ययात्रा असते. पाळक प्रेताचा शेवटचा निरोप घेण्यासाठीं ओणवतात, तेव्हां पडदा सरळ खालीं लोंबतो. मुलीचे डोळे उघडे असते तर तिनें त्यांचा चेहरा पाहिला असता. तें प्रेत किंचित् शहारलें, असें एक भोळी म्हातारी म्हणते. रात्रीं एक लग्न असतें. वधूचीं बोटें थंडगार पडतात. नवदंपतीस शुभ चिंतून हूपर द्राक्षरसाचा पेला ओठांस लावतात, तोंच आरशांत त्यांस स्वतःचें रूप दिसतें. ते थरकांपतात, पेला गालिच्यावर सांडतो, आणि ते अंधारांत धांवत निघून जातात.

मंडळीचे प्रतिनिधी विचारावयास येतात, पण विचारण्याचें धैर्य कोणासच होत नाहीं. एलिझाबेथ ही त्यांची वाग्दत्त वधू. ती मात्र सरळ विचारते. हूपर सांगतात, कीं हा पडदा हें एक चिन्ह आहे, तें आपणांस एकांतांत आणि चारचौघांत सदैव धारण केलेंच पाहिजे, आणि या जन्मीं तो पडदा कोणाही मनुष्यासमोर दूर होणार नाहीं. एकदां तरी तो वर करा, एवढेंच ती मागते. ते नाकारतात, आणि ती निघून जाते. तेथून पुढें मुलें त्यांस पाहून पळतात. सज्जन लोक वाट चुकवितात. पण पापाच्या यातनांनीं तळमळणारे लोक मरतेसमयीं त्यांनाच बोलावितात. गव्हर्नर बेल्चर यांच्यापुढें त्यांनीं केलेल्या उपदेशाचा परिणाम त्या वर्षींच्या कायद्यांवरही झाला, असें ग्रंथकार सांगतो. अखेर ते वृद्ध होऊन मृत्युशय्येवर पडतात. उशाशीं शुश्रूषेला एलिझाबेथच असते. क्लार्क नांवाचा तरुण पाळक पडदा दूर करण्यासाठीं पुढें होतो. मरणारा माणूस एकाएकीं दोन्ही हातांनीं पडदा घट्ट धरतो आणि विचारतो, तुम्ही मला एकट्यालाच कां भितां? मला तर सभोंवार प्रत्येकाच्याच चेहऱ्यावर काळा पडदा दिसत आहे. त्या पडद्यासहच त्यांस पुरतात.

एवढी कथा. आतां ती शिकवावी कशी?

आमची रीत अशी कीं, पहिल्या तासास कांहीं एक समजावून न देतां कथा संपूर्ण वाचावयाची. वर्गांतील चुळबूळ आपोआप थांबते. पडदा आमच्या वर्गांतही आपलें काम करितो. दुसऱ्या तासास मुलांस एवढेंच सांगावयाचें : ज्यांनीं ज्यांनीं पडदा पाहिला त्यांची यादी करा, आणि प्रत्येकाच्या नांवापुढें त्यास काय वाटलें तें लिहा. वही भरते. कोणी म्हणतो, पाळकाचें डोकें फिरलें. कोणी म्हणतो, त्यांचे डोळे अधू झाले असतील. स्क्वायर सॉंडर्स दर रविवारीं त्यांस जेवावयास बोलावीत, ते त्या दिवशीं नेमके विसरतात. एक व्रात्य पोर जुना काळा हातरुमाल तोंडावर घेऊन सवंगड्यांस भेडसावतें, आणि मग स्वतःच भिऊन जातें. यादी पुरी झाली म्हणजे मुलांस आपोआप दिसतें, कीं पडदा एकच, पण पाहणाऱ्यागणिक त्याचा अर्थ निराळा. आणि तो अर्थ बहुतेक पाहणाऱ्याच्याच मनांतून आलेला.

तिसऱ्या तासास हमखास प्रश्न येतो : “फादर, त्यांनीं केलें तरी काय होतें?” येथें शिक्षकानें मोहांत पडूं नये. एड्गर ॲलन पो यासारख्या मर्मज्ञ ग्रंथकारानेंही १८४२ सालीं या संग्रहाचें परीक्षण करितांना, त्या मृत मुलीच्या बाबतींत पाळकाकडून कांहीं काळें कृत्य घडलें असावें, असा तर्क केला. मुलेंही तोच तर्क करितात, आणि त्यास कथेंत आधारही सांपडतो. परंतु आधार म्हणजे पुरावा नव्हे. हॉथॉर्ननें कथेस एक टीप जोडली आहे. मेन प्रांतांतील यॉर्क गांवचे जोसेफ मूडी नांवाचे पाळक असेच तोंड झांकून वावरत. तरुणपणीं त्यांच्या हातून चुकून एक प्रिय मित्र ठार झाला होता. परंतु मूडी यांच्या बाबतींत चिन्हाचा अर्थ निराळा होता, असें टिपेंतच म्हटलें आहे. म्हणजे कारण ठाऊक असलेला माणूस ग्रंथकारास ठाऊक होता, तरीही त्यानें आपल्या पाळकाचें कारण बुद्ध्या सांगितलें नाहीं. सांगितलें असतें, तर वाचक एका परक्या माणसाच्या पापाचा निवाडा करून सुखानें झोंपीं गेला असता.

चिन्ह आणि कोडें यांतील भेद समजावून देण्यास आम्हांस आपल्या उपासनेचा फार उपयोग होतो. कोड्यास एक उत्तर असतें, आणि उत्तर सांपडलें कीं कोडें संपतें. चिन्ह उत्तरानें संपत नाहीं. उपवासकाळाच्या अखेरच्या दिवसांत पुष्कळ देवळांत क्रूसावर आणि मूर्तींवर जांभळें वस्त्र घालण्याची रीत आहे. वर्षभर ज्या क्रूसाकडे आपलें लक्षही जात नाहीं, तो झांकल्याबरोबर डोळ्यांत भरतो. आणि शुभ शुक्रवारीं धर्मगुरु तें वस्त्र तीन टप्प्यांनीं दूर करितात. मुलांनीं हें लहानपणापासून पाहिलेलें असतें. आम्ही विचारतों : “क्रूसावरचें वस्त्र आणि हूपर यांचा पडदा, यांत अंतर काय?” उत्तरें निरनिराळीं येतात, परंतु कोणी ना कोणी अचूक बोट ठेवितोच, कीं देवळांतलें वस्त्र काढण्यासाठींच घातलेलें असतें.

येथवर सर्व ठीक होतें. हा पाठ आम्हीं पांच-सहा वर्षें असाच दिला, आणि तो बरा देतों असा आम्हांस थोडा अभिमानही होता. पाठाच्या शेवटीं आम्ही एक ठराविक बोध सांगत असूं : आपण सारेच पापी आहों, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पडदा आहे, म्हणून कोणीं कोणास हिणवूं नये. बोध खोटा नाहीं. पण एके वर्षीं मागच्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली. एरवीं ती फारशी बोलत नसे. ती म्हणाली, “फादर, समजा हूपरसाहेबांनीं खरेंच कोणाचें वाईट केलें असेल. त्यांनीं तोंड झांकलें. सगळ्या गांवाला वाटलें, आपण पापी. पण ज्याचें त्यांनीं वाईट केलें, त्याला या पडद्यानें काय मिळालें?”

घंटा झाली. “उद्यां बोलूं,” असें म्हणून आम्ही वर्गाबाहेर पडलों. दुसऱ्या दिवशीं आम्ही तो विषय काढला नाहीं, आणि तिनेंही विचारलें नाहीं.

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नानें आम्हांस गांठलें त्याचें कारण आतां सांगतों. ज्यांची ही हकीकत आहे त्यांची अनुज्ञा घेऊनच सांगत आहों. नांवें व गांव सांगत नाहीं.

धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊन आम्हांस वर्षही झालें नव्हतें. एका लहान धर्मग्रामांत आम्ही साहाय्यक होतों. पावसाळ्याचे दिवस, टेलिफोन चार दिवस बंद. रात्रीं दहाच्या सुमारास दारावर थाप पडली. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा ओलाचिंब उभा होता. “फादर, आज्याला जास्त झालंय. आईनं आत्तांच्या आत्तां बोलावलंय,” एवढें तो स्पष्ट बोलला. दिवसभराच्या फिरतीनें आमचें अंग आंबून गेलें होतें, आणि वाट दोन मैलांची, चिखलाची होती. “पाऊस उघडला कीं येतों, तूं हो पुढें,” असें सांगून आम्हीं त्यास परत लाविलें, आणि अंमळ पाठ टेंकावी म्हणून आडवे झालों. जाग आली ती पहांटेच्या घंटेनें. धांवत गेलों. म्हातारा तीनच्या सुमारास गेला होता. अंत्य अभ्यंगावांचून, ख्रिस्तप्रसादावांचून गेला होता.

घरच्या बाईनें विचारलें, “फादर, निरोप मिळाला नाहीं का?” त्या क्षणीं खरें बोलावयास चार शब्द पुरले असते. आम्ही म्हणालों, “निरोप मिळाला; पण इतकी निकड आहे असें पोरानें सांगितलें नाहीं.” मुलगा दाराच्या चौकटीला टेंकून उभा होता. त्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें. त्याच्या बापानें तेथेंच त्याच्या थोबाडींत मारली. आम्हीं मध्यें हात घातला नाहीं. प्रार्थना-पुस्तक उघडून मृताची प्रार्थना म्हणावयास लागलों. पुढें ऐकलें, कीं वाडींत त्या मुलास ‘निरोप्या’ असें नांव पडलें आहे. थोड्याच महिन्यांनीं आमची बदली झाली.

आपण विचाराल, तुम्ही धर्मगुरु, तुम्हीं याचा पापांगीकार केला नाहीं? केला. त्याच आठवड्यांत केला. ‘कर्तव्यांत कसूर घडली, आजाऱ्याकडे जाण्यास विलंब केला,’ असें आम्ही बोललों. शब्द खोटे नव्हते. परंतु त्या शब्दांत तें मूल कोठेंच नव्हतें. दारांत उभें राहून आम्हीं उच्चारलेलें वाक्य नव्हतें. ती थोबाडींत नव्हती. पापांगीकाराच्या जाळीपाशींही आम्ही पडदा घेऊनच गेलों होतों, आणि तो पडदा खऱ्याच शब्दांचा विणलेला होता. पुढें आम्ही नेमानें उपदेश केले. माणसाच्या दुर्बलतेवर आम्ही चांगलें बोलतों असें लोक म्हणत. हूपर यांचीही तीच ख्याति होती, हें आपणांस स्मरत असेलच.

आतां कथा पुन्हां पाहूं. हूपर आपल्या पापीपणाची जाहीर कबुली देतात. पण तें पाप कोणतें, कोणाविरुद्ध, केव्हां, यांपैकीं एक अक्षरही बोलत नाहींत. सगळेंच जग पापी आहे असें म्हणणें फार जड नाहीं. आपण सर्वजण दर रविवारीं मिस्साबलिदानाच्या आरंभीं एकत्र उभे राहून उर बडवितों, आणि तें योग्यच आहे. पण त्या वेळीं कोणाचेंही तोंड लाजेनें लाल होत नाहीं. लाज वाटते ती पापास नांव द्यावें लागतें तेव्हां. ‘आम्ही दुर्बल आहों’ हें म्हणतांना जीभ अडखळत नाहीं. ‘मीं त्या पोरावर आळ घातला’ हें म्हणतांना ती टाळूस चिकटते. काळा पडदा पापाची घोषणा करितो आणि पापास झांकितो, दोन्हीं एकाच वेळीं. आणि या दुहेरी कामगिरींतच त्याचें भय आहे. एलिझाबेथनें तर फार मोठें मागितलेंच नव्हतें. एकाच माणसासमोर, एकदांच, पडदा वर व्हावा, एवढी तिची विनंती होती. चर्चमाता आपल्याकडे मागते तें याहून अधिक नाहीं. आणि तेथें जें बोललें जातें तें प्राण गेला तरी बाहेर न फोडण्याचें बंधन ऐकणारावर आहे.

तथापि ज्याची हानि झाली त्याची भरपाई केल्यावांचून पश्चात्ताप पुरा होत नाहीं, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. चोरलेला पैसा परत करावा. हिरावलेलें नांवही परत करावें. सेमिनरींत हें आम्ही परीक्षेसाठीं पाठ केलें होतें. त्या मुलीच्या प्रश्नानें तें पुन्हां शिकविलें. आम्ही प्रथम पापांगीकारास गेलों, आणि या वेळीं सर्व सांगितलें. नंतर त्या गांवीं गेलों.

तो मुलगा आतां गवंडीकाम करितो; त्यास दोन मुलें आहेत. बाप आणि आजी दोघेंही वारलीं. आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलीत बसली होती. आम्हीं त्यास बाजूस बोलावून सर्व सांगितलें. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “फादर, मीं काय सांगितलें तें मला नीट आठवत होतें. पण सगळेच तसें म्हणूं लागले, तेव्हां मलाच वाटूं लागलें, कीं आपणच विसरलों असूं.” आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, “माझें जाऊं द्या. बापाला शेवटपर्यंत खरें कळलें नाहीं, त्याचें काय करायचें?” या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आणि आजही नाहीं. उशीर झालेल्या सत्यास कांहीं दारें कायमचीं बंद होतात, हें आम्हीं त्या ओटीवर पाहिलें. नंतर त्याच्याच सांगण्यावरून आम्हीं आईला आणि जमलेल्या शेजाऱ्यांना तें सांगितलें. बाईनें मांडीवरचें सूप खालीं ठेविलें, मुलाचा हात धरून त्यास आपल्याजवळ बसविलें, आणि कितीतरी वेळानें आम्हांस म्हणाली, “फादर, तुम्हीही बसा.”

हें सांगून आम्ही नम्रतेचा एक नवा, अधिक देखणा पडदा तर पांघरीत नाहीं ना, ही शंका आम्हांस आहे, आणि ती आम्ही आपल्यापुढेंच ठेवितों. निवाडा देवाकडे. परंतु कथेचा जो अर्थ आम्हांस इतकीं वर्षें हुकला होता, तो मुलांस सांगतांना स्वतःस वगळणें खोटेपणाचें झालें असतें.

ग्रंथकारासही हा प्रश्न परका नव्हता. १६९२ सालीं सेलम येथें चेटकाच्या आरोपावरून जे खटले झाले, त्यांत एकोणीस निरपराध माणसें फांशीं गेलीं, आणि एक वृद्ध दगडांच्या भाराखालीं चिरडून मेला. आरोपींची तपासणी करणारांत जॉन हॅथॉर्न हा एक अधिकारी होता. तो ग्रंथकाराच्या पणजोबांचा बाप. त्यानें पश्चात्ताप केल्याचें कोठेंही नमूद नाहीं. त्याच न्यायासनावर सॅम्युएल सूअल नांवाचा दुसरा न्यायाधीश होता. १६९७ सालच्या जानेवारींत, उपवासाच्या दिवशीं, त्यानें बोस्टन येथील आपल्या मंदिरांत आपला कबुलीजबाब लिहून पाळकाच्या हातीं दिला, आणि तो वाचून होईपर्यंत सर्व मंडळीसमोर तो उभा राहिला. सेलमच्या खटल्यांतील दोष आपला आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. मेलेले कांहीं परत आले नाहींत. पण लोकांस एका माणसाच्या उघड्या चेहऱ्यावरून सत्य वाचतां आलें. जॉन हॅथॉर्नचें ओझें मात्र वंशांत उतरलें. १८५० सालच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीच्या प्रस्तावनेंत ग्रंथकारानें आपल्या पूर्वजांच्या दुष्कृत्यांची लाज स्वतःच्या शिरावर घेतली आहे.

पुढें हॉथॉर्न सहकुटुंब रोमला राहिला. १८६० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द मार्बल फॉन’ या त्याच्या कादंबरींत हिल्डा नांवाची प्यूरिटन घराण्यांतील मुलगी एका खुनाची साक्षीदार होते. तें गुपित तिला असह्य होतें, आणि कॅथॉलिक नसतांही ती संत पेत्राच्या महामंदिरांतील पापांगीकाराच्या पेटींत जाऊन मन मोकळें करिते. पाळकास ज्यानें चोवीस तास पडदा घातला, त्याच लेखणीनें चोवीस वर्षांनीं एका मुलीस त्या जाळीपाशीं नेलें. ग्रंथकार स्वतः आपल्या पंथांत आला नाहीं, आणि त्यास ओढूनताणून आपला म्हणणें आम्हांस शोभणार नाहीं.

त्याची धाकटी कन्या रोज मात्र १८९१ सालीं कॅथॉलिक झाली. न्यूयॉर्क शहरांतील ज्या गोरगरीब कर्करोग्यांस कोणी थारा देत नसे, त्यांची सेवा करण्याचें व्रत तिनें घेतलें. चेहऱ्यास व्रण पडलेल्या, पाहणाऱ्यानें मान फिरवावी अशा रोग्यांच्या जखमा ती स्वतःच्या हातांनीं धूत असे. किळस चेहऱ्यावर दिसूं द्यावयाची नाहीं, हा तिचा नियम. १९०० सालीं तिनें डॉमिनिकन धर्मभगिनींचा संघ स्थापिला. १९२६ सालीं ती देवाघरीं गेली. आणि २०२४ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं तिचे सद्गुण वीरोचित असल्याचें मान्य करून तिला ‘पूजनीय’ ही पदवी दिली. बापानें झांकलेल्या चेहऱ्याची कथा लिहिली. लेक उघड्या जखमांपाशीं बसली. यांत कार्यकारणसंबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोन्हीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत, असें आम्हांस वाटतें. चेहरा उघडा पडला तरी मान न फिरविणारें कोणी आहे, असा भरंवसा मिळाल्यावांचून कोण आपला पडदा वर करील?

शिक्षकबंधूंस, म्हणून, एवढीच विनंती. ही कथा शिकवा; पण शेवटचा बोध घाईनें सांगून टाकूं नका. मागच्या बांकावरील प्रश्नासाठीं थोडा वेळ राखून ठेवा. पालकांस विनंती, कीं घरांत मूल खरें बोललें तर तें बोलण्याची शिक्षा त्यास होऊं नये. आणि आपण चुकलों तर मुलासमोर ‘माझें चुकलें’ एवढ्यावर न थांबतां, काय चुकलें तेंही सांगावें. मुलांनो, तुम्हांस विनंती नाहीं, आभार आहेत. तुमच्यापैकीं जिनें तो प्रश्न विचारला, ती आतां शिकून बाहेरगांवीं नोकरीस आहे. तिला आम्हीं पत्र लिहून तिचें राहिलेलें उत्तर कळविलें : पडद्यानें त्या माणसास कांहीं एक मिळालें नाहीं, जें थोडेंबहुत मिळालें तें पडदा काढल्यावर, आणि तेंही उशिरानें.

पन्नास वर्षांचा उत्सव हा देवाच्या उपकारांची मोजदाद करण्याचा समय आहे. जुन्या करारांतील जुबिलीच्या वर्षीं गुलाम मोकळे होत आणि गेलेलें वतन मूळ घराण्याकडे परत जाई. आपल्याही धर्मग्रामांत कोणाचें नांव, कोणाचा मान, कोणाचा हक्क आपल्यापैकीं कोणाकडे अडकून पडला असेल, तर तो या वर्षीं ज्याचा त्याच्या घरीं परत जावो. दीपमाळा आणि पताका उतरल्यावरही जुबिली झाली असें मग खरोखर म्हणतां येईल.

 प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.